तुझी भाषा मला, माझी भाषा तुला

दोन देशांतील विद्यार्थी व्हिडिओ कॉलवर बोलतात, ब्लॉगवर एकमेकांचे लिखाण वाचतात आणि त्यातून एकमेकांची भाषा शिकतात, याचे आता फारसे नवल वाटत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा तर हा मार्ग अनेक शिक्षकांना नव्यानेच सापडल्यासारखा वाटला. परंतु या प्रयोगांचा इतिहास संगणकापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो एका लहानशा हातछापखान्यापासून. साधने बदलत गेली, वेग वाढत गेला, पण एक प्रश्न मात्र सुरुवातीपासून आजपर्यंत कायम राहिला आहे. या देवाणघेवाणीत कोण कोणाची भाषा शिकतो? दोघेही देतात आणि दोघेही घेतात का? या प्रश्नाचे उत्तर वर्गात काय घडते यावर ठरते, यंत्रावर नाही, असे हा इतिहास सांगतो.

टपालाने जोडलेले वर्ग

सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) हे फ्रान्समधील एक प्राथमिक शिक्षक. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला गोळी लागली. १९२० साली दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातील बार-सूर-लू या गावी ते शिकवू लागले तेव्हा त्यांना फार वेळ मोठ्याने बोलणे जमत नसे. शिक्षकाने बोलायचे आणि मुलांनी ऐकायचे ही पद्धत त्यांना परवडणारीच नव्हती. ते मुलांना गावात, रानात, कारागिरांच्या कामाच्या जागी घेऊन जात. परत आल्यावर पाहिलेल्या गोष्टींविषयी मुले स्वतः लिहीत. १९२४च्या सुमारास फ्रेने यांनी एक छोटा छापखाना वर्गात आणला. मुले स्वतः खिळे जुळवू लागली आणि आपले लिखाण छापू लागली.

छापले तर खरे, पण ते वाचणार कोण? ब्रिटनी प्रांतातील त्रेगँ येथे रने दानिएल नावाचे शिक्षक असाच प्रयोग करीत होते. १९२६ साली या दोन वर्गांमध्ये नियमित टपाल सुरू झाले. दोन गावांमध्ये सुमारे हजार किलोमीटरचे अंतर. एकीकडे डोंगर आणि ऑलिव्हची झाडे, दुसरीकडे अटलांटिकचा किनारा आणि मासेमारी. छापील पानांबरोबर परिसरातील वस्तूंची पार्सलेही जाऊ लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी ब्रिटनीच्या त्या भागात घरोघरी ब्रेटन बोलली जाई, तर दक्षिणेकडे प्रोव्हान्सालचा वावर होता. म्हणजे फ्रेंच ही दोन्हीकडच्या अनेक मुलांना शाळेतच भेटणारी भाषा होती. ती आतापर्यंत गुरुजींच्या लाल शाईसाठी लिहिली जात होती. आता पलीकडे एक खरा वाचक होता. त्याला कळले नाही तर तो प्रश्न विचारणार होता. ज्या वस्तूचे नाव आपल्या गावात सर्वांना ठाऊक आहे, ती वस्तू त्या नावाने ओळखत नसलेल्या मुलाला कशी समजावून सांगायची? हे करताना मुलांना आपलेच गाव नव्याने पाहावे लागले.

ही पद्धत पुढे इतर देशांत पसरली. इटलीतील व्हो या खेड्यात शिकवणारे मारिओ लोदी हे तिच्या चाहत्यांपैकी एक. १९६३ साली ते फ्लोरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियानाच्या शाळेत गेले. ही शाळा लोरेन्झो मिलानी हे धर्मगुरू चालवीत. लोदींच्या वर्गातील मुलांना पाठवायचे म्हणून बार्बियानाच्या मुलांनी एकत्र बसून, एकेका वाक्यावर वाद घालून पत्र तयार केले. याच रीतीने पुढे १९६७ साली त्यांनी एका शिक्षिकेला उद्देशून संपूर्ण पुस्तक लिहिले. मराठी वाचकांना ते 'प्रिय बाई' या नावाने परिचित आहे. ज्या पुस्तकाने जगभरच्या शिक्षकांना अस्वस्थ केले, त्याची लेखनपद्धत दोन वर्गांच्या पत्रव्यवहारातून घडली होती!

दोन सीटांची सायकल

फ्रेने यांच्या पत्रव्यवहारात दोन्ही वर्गांची लिहिण्याची भाषा एकच होती. दोन वेगळ्या भाषांची देवाणघेवाण पद्धतशीरपणे सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. फ्रान्स आणि जर्मनी या एकमेकांशी तीन मोठी युद्धे लढलेल्या देशांनी १९६३ साली मैत्रीचा करार केला आणि दोन्हीकडच्या तरुणांच्या भेटीगाठींसाठी एक संयुक्त कार्यालय स्थापन केले. या भेटींमधून 'टँडम' पद्धत पुढे आली. टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. जर्मन शिकणारा फ्रेंच तरुण आणि फ्रेंच शिकणारा जर्मन तरुण अशी जोडी जमवायची. अर्धा वेळ एक भाषा, अर्धा वेळ दुसरी. प्रत्येक जण अर्धा वेळ विद्यार्थी आणि अर्धा वेळ शिक्षक.

यातील दोन तत्त्वे महत्त्वाची आहेत. पहिले परस्परतेचे: जेवढे घेतले तेवढे द्यायचे. दुसरे स्वायत्ततेचे: काय शिकायचे आणि आपल्या कोणत्या चुका दाखवायच्या हे शिकणाऱ्याने ठरवायचे. १९९०च्या दशकात जर्मनीतील बोखुम विद्यापीठाचे हेल्मुट ब्रामर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत इ-मेलवर आणली. आता जोडीदार शेजारी बसलेला असण्याची गरज राहिली नाही. पत्राचा काही भाग स्वतःच्या भाषेत, काही भाग जोडीदाराच्या भाषेत. पहिला भाग जोडीदारासाठी नमुना ठरे, तर दुसरा भाग तो दुरुस्त करून देई.

शब्द तोच, अर्थ वेगळा

भाषा बरोबर येते म्हणजे माणूस समजतो असे नव्हे. हे ठळकपणे पुढे आणले ते 'कुल्तुरा' या प्रकल्पाने. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९९७ साली जिल्बेर्त फुर्स्टेनबर्ग, साबीन लेव्हे आणि शॉगी वॅरीन या फ्रेंचच्या अध्यापकांनी तो सुरू केला. अमेरिकन विद्यार्थी आणि फ्रान्समधील विद्यार्थी एकच प्रश्नावली भरत. अमुक शब्द ऐकल्यावर तुम्हाला काय आठवते? हे अर्धे वाक्य पूर्ण करा. अशा प्रसंगी तुम्ही काय कराल? दोन्हीकडची उत्तरे मग संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडली जात.

'व्यक्तिवाद' या शब्दाशी अमेरिकन विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्यासारख्या चांगल्या गोष्टी जोडल्या, तर फ्रेंच विद्यार्थ्यांना आठवला स्वार्थ. 'उपनगर' म्हटल्यावर अमेरिकन विद्यार्थ्यांना घरे आणि हिरवळ दिसली. त्याच अर्थाच्या फ्रेंच शब्दाने मात्र सरकारी चाळवजा उंच इमारती आणि हिंसाचार आठवला. शब्दकोशात हे शब्द एकमेकांसमोर निमूटपणे बसलेले असतात. अर्थाची ही दरी तेथे दिसत नाही.

कुल्तुराचा एक नियम प्रथम ऐकताना विचित्र वाटतो. प्रत्येकाने आपापल्या भाषेतच लिहायचे! मग परभाषेचा सराव कसा व्हायचा? या अध्यापकांचे म्हणणे असे की, मोडक्यातोडक्या परभाषेत माणूस मनातले अर्धेच सांगू शकतो. स्वतःच्या भाषेत तो पूर्ण, बारकाव्यांसह सांगतो, आणि ते लिखाण पलीकडच्या विद्यार्थ्यासाठी अस्सल वाचनसाहित्य ठरते. परभाषेत बोलण्याचा सराव वर्गात होतोच, कारण या उत्तरांवरची चर्चा तेथे परभाषेत चालते.

शिवाय कोणी भाषेत अडखळले नाही तरी दोन वर्गांचे सूर जुळतीलच असे नाही. क्लेअर क्रॅम्श आणि स्टीव्हन थॉर्न यांनी २००२ साली अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांमधील अशाच एका इ-मेल संवादाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकन विद्यार्थ्यांना आपलेपणा, मनमोकळ्या गप्पा हव्या होत्या. फ्रेंच विद्यार्थी मात्र मुद्देसूद, माहिती देणारे, थोडेसे निबंधासारखे लिहीत. वाक्ये सगळ्यांना कळत होती. पण 'आपण येथे नेमके काय करीत आहोत' याविषयीची दोन्हीकडची कल्पनाच वेगळी होती.

ब्लॉग: सर्वांसमोरची वही

१९९७च्या डिसेंबरमध्ये जॉर्न बार्जर या अमेरिकन लेखकाने 'वेबलॉग' हा शब्द वापरला. १९९९ साली पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने त्याचा 'ब्लॉग' केला. त्याच वर्षी संगणकाची भाषा न शिकताही ब्लॉग लिहिता येईल अशी 'ब्लॉगर' ही सोय सुरू झाली. मराठीत यासाठी 'अनुदिनी' असा सुंदर शब्दही घडवला गेला.

भाषाशिक्षकांनी २०००नंतरच्या दशकात ब्लॉगचा उपयोग सुरू केला. इ-मेल दोघांतच राहते. ब्लॉग सगळा वर्ग वाचतो आणि खाली आपले म्हणणे लिहितो. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील लीना ली यांनी अमेरिकन आणि स्पॅनिश विद्यार्थ्यांमध्ये ब्लॉग व ध्वनिमुद्रित निवेदने यांच्या आधारे केलेल्या देवाणघेवाणीचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

ब्लॉगचे बळ त्याच्या संथपणात आहे. लिहिणाऱ्याला शब्द शोधायला, वाक्य पुन्हा रचायला वेळ मिळतो. वाचणारा कोश उघडू शकतो. लिखाण टिकते, त्यामुळे महिन्याभराने तेच लिखाण वर्गात पुन्हा काढून 'तेव्हा आपण असे का समजलो?' असे विचारता येते. फ्रेने यांच्या छापील पानाचा हा जवळचा नातलग. फरक एवढाच की छापील पान ठरलेल्या शाळेत जाई, ब्लॉग कोणाच्याही हाती लागू शकतो. म्हणून मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे, घरचे पत्ते त्यावर येणार नाहीत आणि तो केवळ दोन वर्गांपुरताच खुला राहील, याची काळजी घ्यावीच लागते.

पडद्यावरचा चेहरा

बोलणाऱ्याचा चेहरा दिसणारा फोन ही कल्पना मात्र जुनी आहे. ए.टी. अँड टी. या कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' दाखवला. १९७० साली पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू झाली, पण ती फार महाग असल्याने चालली नाही. व्हिडिओ कॉल खऱ्या अर्थाने सामान्यांच्या हाती आला तो २०००नंतर, वेगवान इंटरनेट आणि स्वस्त कॅमेऱ्यांमुळे. २००३ साली सुरू झालेले आणि २०२५च्या मे महिन्यात बंद झालेले 'स्काइप' हे त्या काळातले सर्वांत परिचित नाव.

याचा भाषाशिक्षणासाठी विचारपूर्वक उपयोग झाला तो ब्राझीलमध्ये. साओ पाउलो राज्याच्या अंतर्भागात, राजधानीपासून चारशेहून अधिक किलोमीटरवर, आसिस हे गाव आहे. तेथील राज्य विद्यापीठाच्या आवारात परभाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या भाषेचा बोलणारा माणूस भेटणे दुर्मीळ. २००६ साली तेथील प्राध्यापक जुआंव तेल्लेस यांनी 'टेलेटँडम' प्रकल्प सुरू केला. ब्राझीलचा विद्यार्थी आणि परदेशातील पोर्तुगीज शिकणारा विद्यार्थी यांची जोडी. दोन्ही भाषांना सारखा वेळ आणि एका भाषेच्या वेळात दुसरी मिसळायची नाही. गप्पांनंतर शब्द, उच्चार, चुका यांवर थोडे बोलायचे. पुढे आपल्या शिक्षकांबरोबर बसून झालेल्या संवादाचा विचार करायचा.

शेवटची पायरी सोडून चालत नाही, कारण व्हिडिओ कॉल फसवाही आहे. यामागचे विज्ञान आपल्या वाचकांना रंजक वाटेल. २००९ साली तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतील संभाषणे तपासली. 'हो की नाही' प्रकारच्या प्रश्नानंतर उत्तर सुरू होण्यास सरासरी सुमारे ०.२ सेकंद लागतो, असे त्यांना आढळले. जपानीत ही वेळ सर्वांत कमी, तर डॅनिशमध्ये सर्वांत जास्त, जवळजवळ अर्धा सेकंद होती. आपले कान या लयीला इतके सरावलेले असतात की उत्तराला जरासा उशीर झाला तरी 'याला पटलेले दिसत नाही' असे वाटते.

आता तारांमधला उशीर मोजू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे आवाज जाऊन उत्तर परत यायला, इतर कोणताही खोळंबा नसतानाही, सुमारे ०.१२५ सेकंद लागणारच. त्यात समुद्रातील तारांचे वळसे, चित्राची बांधाबांध आणि सोडवणूक यांची भर पडते. भूस्थिर उपग्रहावरून बोलायचे तर वर-खाली मिळून बहात्तर हजार किलोमीटर, म्हणजे एका बाजूनेच ०.२४ सेकंद! २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, बोलण्यात असा उशीर असला तर लोक दोष तारेला देत नाहीत. पलीकडचा माणूसच कमी लक्ष देणारा, कमी स्नेहाळ आहे, असे त्यांना वाटू लागते.

नजरेचेही तसेच. कॅमेरा पडद्याच्या वर असतो. आपण पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिले की पलीकडच्याला आपली नजर खाली झुकलेली दिसते. कुठे ही नम्रता वाटेल, तर कुठे टाळाटाळ. संस्कृतीचा म्हणून जो फरक आपण टिपून ठेवू, तो कदाचित कॅमेऱ्याच्या जागेचा असेल!

म्हणूनच अनुभवी शिक्षकांनी एका साधनावर विसंबणे टाळले. रॉबर्ट ओ'डाउड यांनी जर्मन आणि अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अशाच देवाणघेवाणीवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. समोरासमोरच्या व्हिडिओ संवादात लगेच प्रतिप्रश्न विचारता येतो, मुद्दा तेथल्या तेथे उलगडतो. लेखी पत्रात मात्र पार्श्वभूमी सविस्तर सांगता येते. दोन्हींची कामे वेगळी.

फलटणची संगणकखोली

आपल्याकडेही याचा एक धागा आला आहे. २००९ साली सुगाता मित्रा यांनी ब्रिटनमधील वाचकांना आवाहन केले: आठवड्यातून एखादा तास भारतातील मुलांशी इंटरनेटवरून बोलाल का? निवृत्त शिक्षकांसह अनेक जण पुढे आले. या उपक्रमाला 'ग्रॅनी क्लाउड', म्हणजे जणू ढगातल्या आज्या, असे नाव पडले. पुण्याच्या सुनीता कुलकर्णी यांनी त्याच्या संयोजनाचे काम पाहिले. २०१३ साली मित्रांना 'टेड' पुरस्कार मिळाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्रांपैकी एक सातारा जिल्ह्यातील फलटण येथे, प्रगत शिक्षण संस्थेत सुरू झाले. पडद्यावरच्या आजी गोष्ट सांगत, कोडी घालत, कौतुक करत. मुलांचा इंग्रजी बोलण्याचा संकोच कमी करण्यासाठी कौतुक करणारा श्रोता हवा, ही त्यामागची कल्पना.

कल्पना मायेची आहे. पण टँडमच्या कसोटीवर ती निराळी ठरते. येथे एकाच भाषेचा प्रवास अपेक्षित होता. मुलांनी इंग्रजीत बोलावे हा हेतू होता, आजींनी मराठी शिकावी हा नव्हता. योगायोग पाहा, प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी फलटणला राहून तेथील लोकांच्या मराठीचा अभ्यास केला आणि मराठी शिकणाऱ्या परक्यांसाठी पुस्तके लिहिण्यात भाग घेतला. फलटणच्या बोलीपासून शिकण्यासारखे खूप आहे, हे एका परदेशी विदुषीने त्याच गावात दाखवून दिले होते.

आपल्या वर्गासाठी

आपल्या शाळांमध्ये परदेशी वर्गाशी व्हिडिओ कॉल होतो तेव्हा तो बहुधा सोहळा असतो. मुले पाठ केलेले इंग्रजी म्हणून दाखवतात, पलीकडून हात हलतात आणि तास संपतो. यात आपली मुले मागणारी आणि पलीकडची देणारी ठरतात. मुलांच्या मनावर नकळत कोरले जाते की, आपल्या भाषेत दुसऱ्याला हवे असे काही नाही. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो, आणि तरीही तो पक्का होतो.

हे टाळता येईल का? उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने मराठी शाळा चालतात. तेथील मुलांना इंग्रजी सहज येते, मराठी शिकावी लागते. आपल्याकडे नेमके उलट. टँडमसाठी याहून चांगली जोडी कोणती? तेथे रविवारी सकाळ असते तेव्हा येथे रविवारची संध्याकाळ, म्हणजे वेळही जुळते. परदेशच हवा असेही नाही. कोल्हापूर किंवा सोलापूरची शाळा सीमेपलीकडच्या कन्नड शाळेशी, किनाऱ्यावरची शाळा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या शाळेशी जोडता येईल. फ्रेने यांचे दोन वर्ग एकाच देशातले होते.

सुरुवात लेखनाने करावी. पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही वर्गांनी आपापल्या भाषेत, एकाच प्रश्नावर चार-पाच ओळी लिहाव्यात. 'पाहुणा', 'सुट्टी', 'चांगला शेजारी', 'उशीर' असे साधे शब्द घ्यावेत. दोन्हीकडची उत्तरे शेजारी शेजारी लावून मुलांना फरक शोधू द्यावेत. यातून जे प्रश्न उभे राहतील ते घेऊनच व्हिडिओ कॉलला बसावे, म्हणजे विचारायला खरेखुरे काही असेल. घड्याळ लावून दोन्ही भाषांना सारखा वेळ द्यावा. आणि कॉल संपल्यावरचा दुसऱ्या दिवशीचा तास त्यासाठीच राखून ठेवावा: काय कळले, काय कळल्यासारखे वाटले, आणि कोणता दोष केवळ तारेचा होता?

इंटरनेटची गती कमी असेल तर कॉल न झालेला परवडेल. हा दुसऱ्या दिवशीचा तास मात्र बुडता कामा नये.